भूसंपादनाचा न्याय कोणत्या दारी?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भावाभावांची वाटणी, बांधाचा तंटा किंवा देण्याघेण्याचा वाद यांमध्ये ती हिताची ठरतेही. कारण तेथे दोन्ही पक्षांना घरी बसून समेट करण्याची मोकळीक असते. परंतु एक खटला असा आहे की, त्यातील फिर्यादी आपण होऊन पायरी चढतच नाही. सरकारला रस्त्यासाठी, धरणासाठी, कारखान्यासाठी किंवा नव्या नगरासाठी जमीन हवी असते. राजपत्रात अधिसूचना निघते, आणि ज्याने आपली जमीन विकावयास कधी काढलीच नव्हती, त्याला तिच्या किंमतीसाठी कोणाच्या तरी पुढे उभे राहावे लागते. हा ‘कोणी तरी’ कोण असावा? सरकारचा अधिकारी, पंच, जिल्ह्याचा न्यायाधीश की स्वतंत्र न्यायाधिकरण? प्रश्न कायद्याच्या पुस्तकातला वाटतो खरा. पण शेतकऱ्याच्या पुढच्या पिढीचे भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

हा प्रश्न आज जितका स्पष्टपणे छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूरच्या परिसरात दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसेल. शहराच्या आग्नेयेस नवा रायपूर हे नियोजित नगर उभे राहिले आहे. त्यासाठी आसपासच्या गावांची जमीन काही आपसांतील कराराने, तर काही भूसंपादनाने घेण्यात आली. त्याच बाजूच्या अभनपूर तहसिलीतून रायपूर–विशाखापट्टणम हा सुमारे ४६४ किलोमीटर लांबीचा महामार्ग आखला गेला आहे. श्रोत्यांनी या भागातील दोन शेजारशेजारची शेते डोळ्यांपुढे आणावीत. दोहोंची माती एक, पीक एक, पाणी एक. उद्या त्यांतील एक शेत नगररचनेसाठी घेतले गेले व दुसरे राष्ट्रीय महामार्गासाठी, तर पहिल्या शेताचा धनी २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली न्यायिक प्राधिकरणाकडे जाईल. दुसऱ्या शेताच्या धन्यास मात्र १९५६ च्या महामार्ग कायद्याप्रमाणे केंद्र सरकारने नेमलेल्या लवादापुढे उभे राहावे लागेल. बांध एकच, पण त्याच्या दोन अंगांना न्यायाची दोन निराळी दारे!

ही दारे निराळी का झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. रायपूरचा मराठी मुलखाशी संबंध जुना आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर आली आणि बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून तेथील कारभार पाहिला. रायपुरातील तात्यापारा ही वस्ती अजूनही त्या संबंधाची साक्ष देते. त्या काळी मराठी मुलखात जमिनीच्या व वतनाच्या तंट्यांचा निर्णय गोतसभेत होई. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे व बलुतेदार एकत्र जमत, साक्षी होत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्या पद्धतीत उणिवा पुष्कळ होत्या; पण निर्णय देणारे लोक ती जमीन डोळ्यांनी पाहिलेले असत, हा तिचा गुण नाकारता येत नाही.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि रायपूर इंग्रजी अमलाखाली आले. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, सार्वजनिक कामांसाठी जमीन घेण्याचा एक कायदा सर्व ब्रिटिश मुलखाला लागू झाला. त्यात किंमतीवर एकमत न झाल्यास वाद पंचांकडे सोपवावा आणि पंचांचा शब्द अखेरचा मानावा, अशी तरतूद होती. अवघ्या तेरा वर्षांत राज्यकर्त्यांनाच ती मोडीत काढावी लागली. पंच पुष्कळदा अपात्र असतात, कधी कधी भ्रष्टही असतात, आणि त्यांच्यावर अपील नाही, असा अनुभव आला. म्हणून १८७० च्या कायद्याने किंमतीचा वाद दिवाणी न्यायालयाकडे नेला. तेथे न्यायाधीशाच्या साहाय्यास असेसर बसत.

पुढे १८९४ चा प्रसिद्ध कायदा आला. त्याने असेसर काढून टाकले आणि प्रथम कलेक्टरने चौकशी करून निवाडा द्यावा, असे ठरविले. परंतु ज्याला तो निवाडा मान्य नसेल, त्याला आपला वाद जिल्ह्याच्या मुख्य दिवाणी न्यायालयाकडे पाठविण्याची मागणी करता येत असे. कलेक्टरचा निवाडा आणि न्यायालयाचा निर्णय यांत भेद काय, याचा उलगडा १९०५ साली प्रिव्ही कौन्सिलने केला. कलेक्टर जेव्हा किंमत ठरवितो, तेव्हा तो न्यायाधीश म्हणून बसलेला नसतो. तो सरकारच्या वतीने देकार देत असतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. ही गोष्ट साधी वाटते, पण साऱ्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. कलेक्टर कितीही सज्जन व न्यायी असला, तरी तो घेणाऱ्याच्या बाजूचा माणूस आहे. बाजारात गिऱ्हाइकाने स्वतःच्याच तराजूत माल तोलून घेतला आणि दामही स्वतःच ठरविले, तर वजन बरोबर असूनही विकणाऱ्याचे समाधान होत नाही. गिऱ्हाइकाला देकार देण्याचा अधिकार जरूर असावा. शेवटचा तोल मात्र तिऱ्हाइताने करावा, हे तत्त्व १८९४ च्या कायद्याने आणि या निर्णयाने पक्के झाले.

जिल्हा न्यायालयाच्या वर उच्च न्यायालय असे. येथे रायपूरच्या शेतकऱ्याचा प्रवास मोठा बोलका आहे. १९३६ पर्यंत त्याचे अपील नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयात जाई. त्या वर्षी नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले आणि अपील तेथे जाऊ लागले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत रायपूर नव्या मध्य प्रदेशात गेले आणि त्याची वाट जबलपूरकडे वळली. २००० साली छत्तीसगड राज्य झाले, तेव्हा उच्च न्यायालय बिलासपूरला आले. शेत जागच्या जागी राहिले, वरचे न्यायासन तेवढे तीनदा बदलले. या सर्व काळात खालचे न्यायासन मात्र जिल्ह्याच्या गावीच होते, आणि जमिनीच्या धन्याला तोच मोठा आधार होता.

भूसंपादनाच्या खटल्यात वस्तुतः दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला प्रश्न, जमीन घेण्याचे प्रयोजन सार्वजनिक आहे काय आणि ती कायद्याच्या रीतीने घेतली जात आहे काय, हा. दुसरा, तिची किंमत किती, हा. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे न्यायालय कोणते असावे, याचीही गल्लत होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तम उदाहरण रायपूरच्या पश्चिमेस, दुर्ग जिल्ह्यात घडले. मे १९४९ मध्ये तेथील छावणी या गावासह अकरा गावांची जमीन लोखंड व पोलाद यांच्या कारखान्यासाठी लागण्याचा संभव आहे, अशी प्राथमिक अधिसूचना निघाली. पुढे भिलाईचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. छावणीतील काही जमीन मधल्या काळात घेऊन झाली होती. तरीही ऑगस्ट १९६० मध्ये त्याच ११ वर्षांपूर्वीच्या अधिसूचनेच्या आधारे त्याच गावातील आणखी जमीन घेण्याचा जाहीरनामा काढण्यात आला.

यात अन्याय कोठे होता, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे किंमत ठरावयाची ती प्राथमिक अधिसूचनेच्या तारखेची. म्हणजे जमीन घ्यावयाची १९६० नंतर आणि भाव मोजावयाचा १९४९ चा! मधल्या काळात शेजारी पोलादाचे नगर वसले, पण त्या वाढीचा एक पैसाही जमिनीच्या धन्याला मिळावयाचा नव्हता. शिवाय इतकी वर्षे त्या जमिनीवर टांगती तलवार होती. ज्या शेतावर सरकारची अधिसूचना आहे, तेथे विहीर कोण खणणार आणि ते शेत विकत कोण घेणार?

हा प्रश्न कलेक्टरला सोडविता आला नसता. किंमत ठरविणाऱ्या जिल्हा न्यायालयालाही नाही. तो जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेला आणि तेथे जाहीरनामा टिकला नाही. सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. ९ फेब्रुवारी १९६६ रोजी त्या न्यायालयाने निर्णय दिला की, एकदा जाहीरनामा निघाला म्हणजे प्राथमिक अधिसूचनेचे काम संपते. तिच्यावर विसंबून पुन्हा पुन्हा जाहीरनामे काढता येत नाहीत. निर्णय देणाऱ्या न्यायमूर्तींत जनार्दन रघुनाथ मुधोळकर होते. ज्या नागपूर उच्च न्यायालयात दुर्ग-रायपूरची अपिले एके काळी चालत, तेथे त्यांनी पूर्वी न्यायदानाचे काम केले होते.

या निर्णयाने सरकारपुढे मोठी अडचण उभी राहिली. १९६७ साली अध्यादेश आणि मग कायदा करून पूर्वीची अशी संपादने वैध ठरविण्यात आली. परंतु त्याच कायद्याने नवीन अधिसूचनेनंतर ३ वर्षांच्या आत जाहीरनामा निघालाच पाहिजे, अशी मुदतही घातली. १९८४ साली ती १ वर्षावर आली. छावणीच्या शेतकऱ्यांचा लढा असा साऱ्या देशातील शेतकऱ्यांच्या उपयोगी पडला. यावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. सरकारच्या अधिकाराची मर्यादा सांगावयाची असेल, तेव्हा ते काम राज्यघटनेने ज्यांना तो अधिकार दिला आहे, त्या उच्च न्यायालयाचे व सर्वोच्च न्यायालयाचेच आहे. यात आज कोणाचा फारसा मतभेद नाही.

खरा मतभेद आहे तो दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे किंमतीबद्दल. त्यासाठी पुन्हा नागपुरास जावे लागते. नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा १९३६ चा. त्याखाली शहराच्या वाढीसाठी जमीन घेता येई, आणि किंमतीचे वाद ऐकण्यासाठी जिल्हा न्यायालयाऐवजी एक न्यायाधिकरण होते. १८९४ च्या सर्वसाधारण कायद्याखाली मात्र सक्तीच्या संपादनाबद्दल बाजारभावावर शेकडा १५ इतकी दिलाशाची रक्कम मिळे. प्रन्यासाच्या कायद्याखाली ती मिळत नसे. सरकारने कोणत्या कायद्याची वाट धरावी, हे सरकारच्याच मर्जीवर होते. हा भेद समतेच्या तत्त्वाला धरून नाही, असा निर्णय डिसेंबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. ज्याची जमीन जाते, त्याच्या दृष्टीने ती रुग्णालयासाठी गेली की शाळेसाठी, या कायद्याने गेली की त्या, याने काय फरक पडतो, असा त्या निर्णयाचा सरळ विचार होता.

नागपूरच्या या निर्णयाचे बीज पुढे दूरवर रुजले. २०१३ साली संसदेने १८९४ चा कायदा रद्द करून नवा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्याने दिलाशाची रक्कम शेकडा १०० केली, ग्रामीण जमिनीसाठी बाजारभावाला १ ते २ पर्यंत गुणक लावला आणि पुनर्वसन हा हक्क मानला. मात्र महामार्ग, रेल्वे, कोळसा इत्यादींविषयीचे १३ कायदे त्याने एका परिशिष्टात बाजूला ठेवले. पुढे १ जानेवारी २०१५ पासून मोबदल्याची नवी तत्त्वे त्या १३ कायद्यांनाही लागू झाली. महामार्गाच्या जुन्या प्रकरणांत दिलाशाची रक्कम व व्याज नाकारणारी तरतूद २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली, आणि ती ठरविताना नागपूरच्या त्या निर्णयाचाच आधार घेतला.

येणेप्रमाणे मोबदल्याचे माप एक झाले. परंतु माप धरणारा हात एक झाला नाही, आणि आजचे खरे दुखणे हेच आहे.

२०१३ च्या कायद्याने किंमतीचे वाद दिवाणी न्यायालयाकडून काढून एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे दिले. त्यावर जिल्हा न्यायाधीश असलेली वा राहिलेली व्यक्ती, किंवा निदान ७ वर्षांचा अनुभव असलेला विधिज्ञ बसतो. कलेक्टरने ३० दिवसांत प्रकरण पुढे पाठविले नाही, तर शेतकऱ्याला थेट प्राधिकरणाकडे जाता येते. सहा महिन्यांत निर्णय व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे आणि वर उच्च न्यायालयात अपील आहे. कोळशाच्या जमिनींसाठी १९५७ च्या कायद्याखाली वेगळे न्यायाधिकरण असते. त्यावर उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र अशी व्यक्ती बसते. महामार्गाच्या जमिनींसाठी मात्र १९९७ च्या दुरुस्तीपासून लवादाची व्यवस्था आहे. त्या जागी बहुधा जिल्हाधिकारी किंवा विभागीय आयुक्त नेमला जातो. म्हणजे १८७० साली अनुभवाअंती मोडीत काढलेली पंचाची पद्धत सव्वाशे वर्षांनी पुन्हा आली. आणि या वेळी तर पंच बहुधा सरकारी नोकरच!

लवादाच्या निवाड्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात जाता येते, पण तेथेही हात बांधलेले असतात. तमिळनाडूतील महामार्गाच्या एका प्रकरणात चौरस मीटरला ₹ ४६ ते ₹ ८३ च्या दरम्यान दर देण्यात आला होता. जिल्हा न्यायालयाने तो ₹ ६४५ केला. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, लवादाचा निवाडा न्यायालयाला रद्द करता येईल, पण त्यातील रक्कम बदलता येणार नाही. त्या शेतकऱ्यांच्या हाती पडावयाचा वाढीव मोबदला न्यायालयाने न्यायबुद्धीने तसाच राहू दिला, पण कायद्याचा अर्थ तोच राहिला. २०२५ मध्ये घटनापीठाने निवाड्यात बदल करण्याचा मर्यादित अधिकार मान्य केला. मर्यादित अधिकार म्हणजे पूर्ण अपील नव्हे. निवाडा नुसता रद्द झाला, तर प्रकरण पुन्हा त्याच वाटेने, त्याच दारी!

लवादाच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे, आणि ते ऐकून घेणे योग्य होईल. दिवाणी न्यायालयांत खटले तुंबून राहतात. १८९४ च्या कायद्याखालील कित्येक दावे बापाने लावले आणि मुलाच्या हयातीत निकाली निघाले. रस्त्याचे काम इतके थांबू शकत नाही. शिवाय वाढीव रकमेचा भार अखेर जनतेच्या तिजोरीवरच पडतो. हे सारे खरे आहे. परंतु विलंबाला उपाय हवा तो न्यायाधीशांची संख्या वाढविण्याचा आणि मुदत पाळण्याचा. न्यायाधीशाच्या जागी अधिकारी बसविल्याने विलंब टळेलच असे नाही, विश्वास मात्र हमखास उडतो.

तिजोरीच्या रक्षणाचे म्हणाल, तर अभनपूरकडील प्रकरण विचार करण्याजोगे आहे. रायपूर–विशाखापट्टणम महामार्गाच्या संपादनात मोठ्या खात्यांचे कागदोपत्री लहान लहान तुकडे करून, तुकड्यांना चढ्या दराने मोबदला उचलला गेला, असे आरोप झाले आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने चौकशी आर्थिक गुन्हे अन्वेषण यंत्रणेकडे सोपविली. आरोपांचा निर्णय न्यायालय करील तेव्हा करील. पण एवढे मात्र उघड आहे की, किंमत ठरविण्याचे काम बंद दालनातील कागदांवर होते, तेव्हा धोका दोन्ही बाजूंनी असतो. कधी गरीब शेतकरी नागवला जातो, कधी सरकारी तिजोरी. खुल्या न्यायालयात खरेदीखते पुढे येतात, साक्षीदाराची उलटतपासणी होते, निर्णयाची कारणे लिहावी लागतात. या रीतीने शेतकऱ्याचे रक्षण होते, तसेच तिजोरीचेही.

मग न्यायासन कोणते असावे? ते जमिनीच्या जवळ असावे आणि घेणाऱ्यापासून दूर असावे, या दोन कसोट्यांत उत्तर सामावले आहे.

जमिनीच्या जवळ म्हणजे काय, हे छत्तीसगडच्या मातीलाच विचारावे. तेथील शेतकरी जमिनीचे चार प्रकार सांगतो. काळी भारी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, दोहोंच्या मधली ती डोरसा आणि मुरमाड लाल ती भाटा. भाताची मटासी आणि ओसाड भाटा यांचे क्षेत्रफळ कागदावर सारखे दिसते, पण त्यांचे मोल एक नव्हे. हा भेद जिल्ह्यात बसणाऱ्या आणि वेळ पडली तर शेतावर जाऊन पाहणाऱ्या न्यायाधीशाला कळतो. शिवाय दोन एकरांच्या धन्याला वकील करून दूरच्या शहरी हेलपाटे घालणे परवडत नाही. तारीख सांजेला आटोपून त्याला घरी परतता आले, तरच त्याचा हक्क खरा.

घेणाऱ्यापासून दूर म्हणजे काय, हे मराठी मनाला वेगळे सांगावयास नको. पेशव्यांच्या घराण्यातील माणसालाही दोषी ठरविणाऱ्या रामशास्त्र्यांचे नाव दोन शतके उलटूनही घराघरांत घेतले जाते. रामशास्त्री पेशव्यांचेच सेवक होते हे खरे. परंतु रामशास्त्री नेहमी मिळत नाहीत. म्हणूनच कायद्याने अशी व्यवस्था करावी लागते की, निवाडा देणाऱ्याची बदली आणि बढती जमीन घेणाऱ्याच्या हाती असू नये.

या कसोट्यांना उतरणारी रचना सुदैवाने नव्याने शोधावयास नको. सार्वजनिक प्रयोजनाचा व रीतीचा वाद उच्च न्यायालयाने पाहावा. किंमतीचा देकार कलेक्टरने द्यावा. देकार नाकारला गेला, तर जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायाधीशाच्या दर्जाच्या व्यक्तीने पुरावा घेऊन किंमत ठरवावी आणि तिच्या निर्णयावर उच्च न्यायालयात पूर्ण अपील असावे. २०१३ च्या कायद्यातील प्राधिकरण या कल्पनेच्या बरेच जवळ आहे. ते जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले पाहिजे आणि त्याचे आसन रिकामे राहता कामा नये, कारण न्यायाधीशाविना न्यायासन म्हणजे पाण्याविना विहीर. तेच दार महामार्गाच्या आणि रेल्वेच्या जमिनींनाही उघडावे. मोबदल्याचे तत्त्व सर्वांस एक झाले असता निवाड्याची रीत निराळी ठेवण्यास सबळ कारण उरत नाही.

राष्ट्राला रस्ते हवेत, पोलाद हवे, नगरेही हवीत. त्यासाठी कोणाची तरी जमीन जाणारच. भिलाईच्या भट्टीतून निघालेल्या पोलादाने देशाचे कितीतरी लोहमार्ग घडले, याचा अभिमान छावणीच्या शेतकऱ्यालाही असेल. त्याने मागितले ते एवढेच की, आपल्या शेताचे मोल घेणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. बांधाच्या या अंगाच्या शेतकऱ्याला आणि त्या अंगाच्या शेतकऱ्याला जेव्हा एकाच दारी आणि एकाच रीतीने न्याय मिळेल, तेव्हा ज्या निर्णयाचा उगम अर्ध्या शतकापूर्वी नागपुरात झाला, तो रायपूरच्या शेतापर्यंत पोहोचला, असे म्हणता येईल.